वटलेल्या चेकांचे दप्तर

१९६२ सालच्या ऑगस्टच्या ५ तारखेस पहाटे लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवुड भागातील राहत्या घरी मॅरिलिन मन्रो मृतावस्थेत आढळली, तेव्हा तिचे वय अवघे ३६ होते; आणि त्या मृत्यूवर पुढे जे अमाप लेखन झाले, त्यात तिच्या मागे राहिलेल्या जमाखर्चाच्या दप्तराची दखल बराच काळ कोणी घेतली नाही. फायलींच्या दोन कपाटांत पत्रांच्या जोडीने बिले, पावत्या, करविषयक कागद आणि वटलेले चेक असा हा ऐवज होता.

आपल्याकडे चेक वटला की तो बँकेच्या दप्तरी जमा होतो आणि खातेदाराजवळ उरते ती केवळ स्थळप्रत. अमेरिकेत त्या काळी रिवाज निराळा होता. वटलेला चेक, रक्कम चुकती झाल्याच्या खुणा अंगावर घेऊन, दरमहाच्या उताऱ्यासोबत खातेदाराकडे परत येई, आणि पैसे पोचल्याचा तोच पुरावा असल्यामुळे लोक तो जपून ठेवीत. दर्शनी बाजूस तारीख, रक्कम आणि देणारीची सही, पाठीमागे घेणाऱ्याची सही, असा पुरा व्यवहार त्या एका चिठोऱ्यावर नमूद असे. पुढे २००४ साली अंमलात आलेल्या कायद्याने चेकची छापील प्रतिमा मूळ चेकाइतकीच ग्राह्य ठरवली आणि हा परतीचा प्रवास मंदावत गेला.

पडद्यावरील उधळ्या, अल्लड सुंदरीची छबी मनात ठेवून जो हे कागद पाहू लागेल, त्याला प्रथम भेटते ती देणेकऱ्यांची लांबलचक यादी असलेली एक प्रपंची स्त्री. चिटणीस, मोलकरीण, मनोविकारतज्ज्ञ, अभिनयाची शिक्षिका, या सर्वांचा चरितार्थ काही अंशी तिच्या सहीवर चाले. आई मनोरुग्ण होती. १९५३पासून ती रॉकहेवन नावाच्या खाजगी आरोग्यधामात राहत होती आणि तिचा खर्च ही लेक करी. १९६१च्या मृत्युपत्रातही एक लाख डॉलरांचा निधी वेगळा काढून आईला त्यातून सालीना पाच हजार मिळावेत अशी तजवीज तिने केली.

आवक मात्र कीर्तीच्या मानाने बेताचीच. १९५५च्या प्रारंभी स्वतःची निर्मितिसंस्था काढण्याचे धाडस करून वर्षअखेरीस तिने फॉक्स कंपनीकडून दर चित्रपटामागे एक लाख डॉलरांचा करार मिळवला खरा. पण त्याच कंपनीने पुढे 'क्लिओपात्रा'साठी एलिझाबेथ टेलरला दहा लाख कबूल केले, आणि मॅरिलिन १९६२च्या आपल्या अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटातही लाखावरच राबत होती.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. पुष्कळ चेकांवरील तारीख, नाव व रक्कम चिटणिसाने भरलेली असे आणि सही तेवढी तिची. तेव्हा प्रत्येक खर्चातून तिच्या स्वभावाचे अनुमान काढणे हा उतावीळपणा होय.

मृत्युपत्राप्रमाणे कपडे व खाजगी चीजवस्तू अभिनयगुरू ली स्ट्रासबर्ग यांच्याकडे गेल्या, आणि १९९९ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज पेढीने दोन दिवसांच्या लिलावात त्यांतल्या अनेक विकून एक कोटी तीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. वटलेले चेकही अशा लिलावांतून फिरतात. ज्याची मूळ रक्कम किरकोळ होती, त्याला आज हजारो डॉलर पडतात, ते सहीपोटी. माझ्या लेखी मोल आहे ते पैसे घेणाऱ्याच्या नावाला, कारण सह्या तर ती रस्त्यात भेटणाऱ्या कोणालाही फुकट देत असे.