अडीच हजार येनांचं लाकूड

हिमेजीच्या किल्ल्याचं तिकीट १ मार्चपासून अडीच हजार येन झालं आणि आपल्याकडे जपानची सहल ठरवून बसलेल्यांनी पुन्हा एकदा कॅल्क्युलेटर काढले. आपल्या पैशांत साधारण चौदा-पंधराशे रुपये. त्याच दिवसापासून क्योतोनंही मुक्कामावरचा कर वाढवला. रात्रीचं भाडं माणशी लाख येन किंवा त्याहून जास्त असेल तर दर रात्री दहा हजार येन कर. ती वेळ आपल्यापैकी फार थोड्यांवर येईल. सहा ते वीस हजार येनांच्या दरम्यान राहणाऱ्याला ४०० येन लागतील, म्हणजे एका कॉफीचे पैसे. तरीही मथळे आले ते 'जपान महागलं' आणि 'परदेशी पर्यटकांना दणका' असे. त्यातला दुसरा मथळा हिमेजीच्या बाबतीत साफ चुकीचा आहे.

मूळ कल्पना मात्र तशीच होती. जून २०२४ मध्ये हिमेजीचे महापौर हिदेयासू कियोमोतो बोलून गेले की परदेशी पाहुण्यांकडून तीस डॉलर घ्यावेत आणि गावकऱ्यांकडून पाच. येनचा भाव पडलेला, पाहुण्यांची रीघ लागलेली, तेव्हा हिशेब सोपा वाटला असणार. पण खिडकीवर बसलेल्या माणसानं परदेशी ओळखायचा कसा? चेहरा बघून? पासपोर्ट मागून? ओसाकात वीस वर्षं नोकरी करून कर भरणाऱ्या कोरियन माणसाचं काय करायचं? बरीच चर्चा झाली आणि शेवटी नगरपालिकेनं रेघ देशाच्या सीमेवरून उचलून गावाच्या वेशीवर ओढली. हिमेजीत राहणाऱ्याला पूर्वीसारखे एक हजार, बाकी सगळ्यांना अडीच हजार. तोक्योहून आलेला साहेब आणि नाशिकहून आलेलं कुटुंब एकाच रांगेत, एकाच दरात. अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मोफत. तिथं बघितला जातो तो राहता पत्ता.

आता आपल्या घराकडे वळू. वेरूळच्या लेण्यांना भारतीय माणसाला ४० रुपये पडतात आणि परदेशी पाहुण्याला ६००. पंधरा पट! ही वहिवाट इतकी जुनी झाली आहे की तिच्याबद्दल आपल्याला काही वाटेनासं झालंय. स्वतः पंधरा पट घेणाऱ्यांनी अडीच पटीवर नाक मुरडू नये, एवढंच म्हणतो. वाद घालायचाच तर या पैशांचं होतं काय, यावर घालावा.

तर त्याचं होतं लाकूड.

इकेदा तेरुमासा या सरदारानं १६०१ ते १६०९ या काळात आजचा मुख्य मनोरा उभा केला. दगडी जोतं पंधरा मीटरांच्या आसपास आणि त्यावर साडेएकतीस मीटरांची लाकडी इमारत. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आहेत आणि तळघर वेगळं. हा सगळा डोलारा प्रामुख्यानं दोन खांबांवर तोललेला आहे, एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा. प्रत्येकी सुमारे २४.६ मीटर उंच आणि बुंध्याशी मीटरभर जाड. १९५६ मध्ये मनोरा उतरवायला घेतला, म्हणजे अक्षरशः कौल न् कौल, तुळई न् तुळई उतरवून ठेवली, तेव्हा पश्चिमेचा खांब आतून कुजलेला निघाला. तेवढ्या उंचीचं हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रसचं झाड शोधत माणसं किसोच्या जंगलात गेली. झाड मिळालं, तोडलं, आणि वाहून आणताना वाटेत मोडलं! मग कासागाता डोंगरावरच्या देवस्थानातलं दुसरं झाड मिळवलं आणि दोन बुंधे एकमेकांत अडकवून एक खांब केला. आज आत गेलात तर त्या खांबावर हात ठेवता येतो. पूर्वेचा खांब सतराव्या शतकातला आहे आणि पश्चिमेचा आपल्या वडिलांच्या पिढीतला, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. काढलेला जुना खांब बाहेर आवारात आडवा ठेवलाय. तिकीट न काढताही तो बघता येतो, पण त्याच्याजवळ कोणी थांबत नाही.

हिमेजीत एक दंतकथा सांगतात. मनोरा पुरा झाल्यावर मुख्य सुताराच्या बायकोनं नुसतं बघून म्हटलं, जरा आग्नेयेकडे कललाय का हो? एका बाईच्या नजरेला दिसलं ते आपल्याला दिसलं नाही, म्हणून सुतारानं तोंडात पटाशी धरून वरून उडी घेतली. कथा खरी-खोटी देव जाणे, पण मनोरा खरंच कलला होता. दुरुस्तीत कळलं की खालची जमीन आणि पायाचे दगड खचले होते. सुताराचा दोष नव्हताच. मग नव्यानं पाया घातला तो काँक्रीटचा. अस्सल लाकडी किल्ला म्हणून मिरवणाऱ्या हिमेजीच्या पायाखाली काँक्रीट आहे, हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण आता मी काँक्रीटच्या किल्ल्यांवर घसरणार आहे.

आपल्या सहलींमध्ये किल्ला म्हणजे ओसाका. तो १९३१ मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून काँक्रीटचा बांधला. आत लिफ्ट आहे, काचेच्या पेट्या आहेत, बाहेर फोटो झकास येतो. नागोयाचा मनोरा १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळला, १९५९ मध्ये काँक्रीटचा झाला, २०१८ पासून बंद आहे. तो पाडून पुन्हा लाकडाचा करायचा बेत आहे आणि त्यात लिफ्ट हवी की नको यावर वर्षानुवर्षं भांडण चाललंय. सरंजामी काळापासून उभे असलेले मूळ मनोरे अख्ख्या जपानमध्ये उरलेत फक्त बारा. गेल्या वर्षी आपल्या मराठा लष्करी स्थापत्याचे किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेही बारा. योगायोग आहे, त्यातून अर्थ काढायचा नाही. पण लक्षात ठेवायला सोपं.

मात्र 'मूळ' म्हणजे काय, हा प्रश्न जपाननं जगाला जरा अवघड करून विचारला. हिमेजी आणि नाराजवळचं होर्युजी मंदिर डिसेंबर १९९३ मध्ये जागतिक वारसा झाले. युरोपीय पद्धतीनं अस्सलपणा मोजायचा तर मूळ दगड, मूळ चुना जागेवर आहे का ते बघायचं. लाकडाला ती मोजपट्टी लागू पडत नाही. लाकूड कुजतं, ते बदलावं लागतं. पुढच्याच वर्षी नारामध्ये जाणकारांची बैठक बसली आणि अस्सलपणाबद्दलचा नारा दस्तऐवज तयार झाला. प्रत्येक संस्कृतीतला अस्सलपणा तिच्याच संदर्भात जोखावा, असं त्याचं सार. इसेचं देवस्थान तर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्यानं बांधतात. शेवटचं २०१३ मध्ये झालं, पुढचं २०३३ मध्ये. त्या बांधकामाच्या झाडांची पहिली तोड गेल्या वर्षी विधिपूर्वक झालीसुद्धा. इमारत वीस वर्षांची आणि परंपरा तेराशे वर्षांची. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणत जुना सभामंडप पाडून ग्रॅनाइट बसवणाऱ्या विश्वस्तांना यात पाठिंबा सापडेल की काय, अशी मला भीती वाटते. तसा तो नाही. इसेला नवं लाकूड येतं, पण हत्यार, सांधा आणि हात जुनेच राहतात.

हात म्हटलं की मला निशिओका त्सुनेकाझू आठवतात. हा लेख हिमेजीचा असला तरी ते घुसणारच.

निशिओका हे होर्युजीचे वंशपरंपरागत सुतार. जन्म १९०८, मृत्यू १९९५. देवळं बांधणाऱ्या सुतारांना तिकडे मियादाइकू म्हणतात. घरं बांधायची नाहीत, असा या घराण्याचा नेम. देवळाचं काम नसेल तेव्हा शेती करायची. नातवाला शिकायला कुठं घालायचं, यावर घरात वाद झाला तेव्हा आजोबांनी त्याला तंत्रशाळेऐवजी शेतकी शाळेत घातलं. माती कळल्याशिवाय झाड कळत नाही आणि झाड कळल्याशिवाय लाकूड, हा त्यांचा हिशेब. घराण्यातली तोंडी चालत आलेली शिकवणही तशीच: वखारीतून फळ्या आणू नयेत, अख्खा डोंगर बघून झाडं घ्यावीत. डोंगराच्या दक्षिण उतारावर वाढलेलं झाड इमारतीच्या दक्षिण अंगाला लावावं. आपल्याकडचा जुना मेस्त्री हे ऐकून मान डोलावेल.

होर्युजीची मोठी दुरुस्ती चालू असतानाच, २६ जानेवारी १९४९ रोजी, तिथल्या सुवर्णमंदिराला आग लागली आणि भिंतीवरची चित्रं करपली. ही तीच चित्रं, ज्यांच्या बोधिसत्त्वाशेजारी कलेचे अभ्यासक अजिंठ्याचा पद्मपाणी ठेवतात. त्या धक्क्यातून पुढच्या वर्षी जपाननं सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. आजही २६ जानेवारीला, आपल्याकडे संचलन चालू असताना, तिकडे देवळादेवळांत आगीचे बंब पाणी उडवून सराव करतात.

पुढे याकुशिजी मंदिराचं काम आलं तेव्हा निशिओकांची विद्वानांशी जुंपली. मूर्ती आगीपासून वाचवायच्या म्हणून तिथल्या सुवर्णमंदिराचा गाभा काँक्रीटचा हवा, असं तज्ज्ञ म्हणत. हिनोकी हजार वर्षं टिकतं, तुमचं काँक्रीट किती टिकेल ते सांगा, असा निशिओकांचा सवाल. शेवटी गाभा काँक्रीटचा झालाच. पण पश्चिमेचा मनोरा त्यांनी आपल्या पद्धतीनं बांधला, तो १९८१ मध्ये पुरा झाला. जपानात एवढी मोठी झाडं उरली नव्हती, म्हणून तैवानहून हिनोकी आणलं. आजचा खिळा काही दशकांत गंजतो, म्हणून मात्सुयामाच्या एका लोहाराकडून जुन्या पद्धतीचे खिळे ठोकून घेतले. आणि समोरच्या आठव्या शतकातल्या पूर्व मनोऱ्यापेक्षा आपला मनोरा सुमारे तीस सेंटिमीटर उंच ठेवला. लाकूड सुकेल, दबेल, आणि शतकांनंतर दोन्ही मनोरे एका उंचीचे होतील म्हणून! नीट बघितलंत तर हा फरक डोळ्यांना दिसतो. कलेचं पुस्तक वाचून बघण्यापेक्षा हे एकदा बघावं.

पैशाची गोष्टही इथलीच ऐकण्याजोगी. सुवर्णमंदिरासाठी याकुशिजीचे मठाधिपती ताकादा कोइन यांनी कंपन्यांपुढे हात पसरण्याऐवजी लोकांना सांगितलं की 'प्रज्ञापारमिताहृदय' सूत्र आपल्या हातानं उतरवून काढा आणि सोबत हजार येन द्या. लक्ष्य दहा लाख प्रतींचं. मंदिर १९७६ मध्ये उभं राहिलं. आजही तिथं बसून कुंचल्यानं सूत्र उतरवता येतं. हे सूत्र मूळचं आपल्याच बाजूचं, आणि त्याची ताडपत्रावरची फार जुनी संस्कृत पोथी शतकानुशतकं जपली ती होर्युजीनं. आपल्याला तिथं परकं वाटायचं कारण नाही.

याच्या बरोबर उलटं क्योतोत घडलं होतं. १९८५ मध्ये तिथल्या नगरपालिकेनं देवळं बघायला येणाऱ्या प्रत्येक माणसावर ५० येनांचा कर बसवला. देवदर्शनावर कर कसला, म्हणून किनकाकुजी, गिनकाकुजी, कियोमिझूदेरा अशा बड्या देवळांनी दरवाजेच लावून घेतले. हॉटेलवाले, दुकानदार हवालदिल झाले. १९८८ मध्ये कर मागे घ्यावा लागला. आज तेच क्योतो मुक्कामावर दहा हजारांपर्यंत कर लावतं आणि कोणी दार लावत नाही. शहाणपण आलं म्हणा, कर देवळातून हॉटेलात नेला म्हणा.

तर हिमेजी बघायचं कसं? आमच्या इमारतीतले एक काका गेल्या वर्षी जाऊन आले. सहलीच्या बसनं पाऊण तास दिला, त्यात मंडळींनी बाहेरून फोटो काढले आणि आइस्क्रीम खाल्लं. पाऊण तासात अडीच हजार काय, अडीचशे येनही वसूल होणार नाहीत. शिन-ओसाकाहून बुलेट ट्रेननं अर्धा तास. स्टेशनातून बाहेर पडलं की सरळ रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतो, चालत वीस मिनिटं. आत बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे. लिफ्ट नाही. वरचे जिने जवळजवळ शिडीसारखे उभे, पायऱ्या हजारो मोज्यांनी घासून गुळगुळीत झालेल्या. गुडघे दुखत असतील तर हट्ट करू नका, खालची तटबंदी आणि दरवाजे हेच अर्ध्याहून जास्त प्रकरण आहे. भिंतींतल्या जंग्या गोल, तिकोनी, चौकोनी आहेत. आपल्या गडांवर जंग्या बघितलेला माणूस तिथं आपसूक वाकून बाहेर बघतो. पांढरा गिलावा चुना, शिंपल्यांची भुकटी, तागासारखे धागे आणि समुद्री शेवाळाची खळ घालून केलेला. चुन्यात हिरडा आणि गूळ घालणाऱ्या आपल्या लोकांचा तो लांबचा भाऊबंद. २०१५ च्या डागडुजीनंतर तो इतका पांढरा झाला की गावकऱ्यांनीच थट्टेनं 'अति-पांढरा किल्ला' म्हणायला सुरुवात केली.

पुणेकरांनी वीसेक मिनिटं पुढे जाऊन ओकायामालाही उतरावं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्याच्यावरून बेतलंय ते कोराकुएन उद्यान तिथं आहे. ते बांधणारा इकेदा त्सुनामासा हा हिमेजीच्या तेरुमासाचा पणतू. म्हणजे रविवारी पोरांना घेऊन आपण जिथं माशांना बघत बसतो, त्या बागेचं घराणं हिमेजीचंच. ओकायामाचा काळा किल्ला मात्र काँक्रीटचा. हिमेजीला बगळ्याचा किल्ला म्हणतात आणि याला कावळ्याचा.

साठच्या दशकात शाळेच्या सहलीबरोबर ओगावा मित्सुओ नावाचा एक मुलगा होर्युजीला आला. मनोरा बघितला आणि हे बांधणाऱ्यांत आपण असावं, असं त्याच्या डोक्यात बसलं. निशिओकांनी आधी त्याला परत पाठवलं. काम नाही, म्हणाले. काही वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याला ठेवून घेतलं. शिकवणी म्हणून म्हाताऱ्यानं रंधा मारून एक सालपट काढलं, पलीकडचं दिसावं इतकं पातळ, आणि त्याच्या हातात दिलं. असं काढ, एवढंच. पोरानं ते खिडकीच्या काचेला चिकटवलं आणि रोज रात्री आपलं सालपट त्याच्याशेजारी धरून बघत बसला.