हाताच्या लसीकाशोफाचे रुग्णालयाबाहेरील मापन

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत काखेतील लसीकाग्रंथी काढल्या, अथवा त्या भागास किरणोपचार दिले, म्हणजे हातातील लसीकेचा परतीचा मार्ग खंडित होतो आणि पुष्कळदा हात सुजू लागतो. या विकारास लसीकाशोफ म्हणावे. 'शोथ' हा शब्दही वापरण्यात येतो. परंतु 'यकृतशोथ' यासारख्या संज्ञांमुळे त्याला दाहाचा अर्थ चिकटलेला असल्याने येथे 'शोफ' हाच बरा. २०१३ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात आलेल्या संकलित आढाव्यानुसार काखेतील ग्रंथींचे विच्छेदन झालेल्या सुमारे पाचांपैकी एका स्त्रीस हा विकार जडतो. केवळ पहिल्या एकदोन ग्रंथींचा नमुना घेतला असल्यास हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास राहते.

प्रारंभी ही सूज मुख्यतः द्रवाची असते व हात उंच धरला की ओसरते. पुढे तेथे मेद व तंतुमय ऊतक साठत जाते आणि हात पूर्ववत् होणे दुरापास्त होते. उपचारास अनुकूल असा काळ पहिलाच होय. परंतु नेमक्या त्याच काळात डोळ्यांना फरक दिसत नाही. रुग्णालयातील दोन तपासण्यांमध्ये कित्येक महिने जातात. घरच्या घरी मापन करण्याचा प्रश्न यातूनच उद्भवला.

सर्वांत जुने व विश्वसनीय साधन म्हणजे पाणी. भरलेल्या पात्रात हात बुडवावा आणि सांडलेले पाणी मोजावे. पद्धत निर्दोष आहे, पण गैरसोयीची. तिच्या खालोखाल साधी फीत. मनगटापासून वर दर चार सेंटिमीटरांवर घेर मोजून प्रत्येक खंड छिन्न शंकू मानला, तर हाताचे घनफळ गणिताने निघते. फीत स्वस्त आहे, घरोघरी आहे. तथापि तिचा एक दोष सहसा ध्यानात घेतला जात नाही. घनफळ घेराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २६ सेंटिमीटर घेराच्या जागी फीत सैल धरल्यामुळे २६.५ असा आकडा आला, तर तेवढ्याने त्या खंडाचे घनफळ जवळजवळ चार टक्क्यांनी फुगते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या मापाशी तुलना करून तीन टक्के वाढ हीच धोक्याची सूचना मानणारे संशोधन २००८ साली अमेरिकेत झाले आहे. अर्थात् फितीचा अर्धा सेंटिमीटर म्हणजे निदान आणि भ्रम यांमधील अंतर होय.

विद्युत्संरोध मोजणारी उपकरणे निराळ्या तत्त्वावर चालतात. अल्प वारंवारतेचा क्षीण प्रवाह पेशींच्या आत शिरत नाही, बाहेरील द्रवातूनच वाहतो. द्रव वाढला की रोध घटतो. दोन्ही हातांच्या रोधांची तुलना केली म्हणजे घेर वाढण्यापूर्वीच बदल उमगू शकतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, प्रारंभिक वाढ आढळून दाब देणारी बाही घालावयास दिलेल्या स्त्रियांपैकी फितीच्या गटात १९.२ टक्के, तर संरोधाच्या गटात ७.९ टक्के स्त्रियांचा विकार चिरकालीन अवस्थेस गेला. मात्र ही मापने प्रशिक्षित हातांनी घेतलेली होती. घरच्या मापनास तोच निष्कर्ष लावणे घाईचे ठरेल. शिवाय हे उपकरण फक्त द्रव पाहते. मेद व तंतू साठलेल्या जुन्या सुजेत त्याची साक्ष दुबळी पडते, आणि हृदयात गतिप्रेरक बसविलेल्या व्यक्तीस ते वर्ज्यच. मुठीत मावणारे दुसरे एक उपकरण त्वचेवर टेकवून सुमारे ३०० मेगाहर्ट्झच्या लहरींच्या साहाय्याने केवळ वरच्या काही मिलिमीटरांतील पाणी अजमावते. २०२० पासून काही दूरध्वनींत आलेल्या प्रकाशशोधक संवेदकांनी हाताची त्रिमित आकृती घेऊन घनफळ काढण्याचेही प्रयत्न चालू आहेत.

मर्यादेचा प्रश्न याहून बिकट आहे. घेरात दोन सेंटिमीटर, घनफळात २०० मिलिलिटर किंवा दहा टक्के, असे निकष प्रचारात आहेत. २००५ साली आर्मर व स्ट्यूअर्ट यांनी हे तिन्ही निकष एकाच स्त्रीसमूहास लावून पाहिले. दोन सेंटिमीटरांच्या निकषाने विकारग्रस्तांची संख्या सर्वाधिक निघाली, दहा टक्क्यांच्या निकषाने सर्वांत कमी. त्यांचा चौथा निकष कोणत्याही यंत्राचा नव्हता. हात जड वाटतो काय, सुजल्यासारखा वाटतो काय, एवढेच स्त्रियांना विचारलेले होते.

भाषेच्या अभ्यासकास हा चौथा निकष विशेष लक्षणीय वाटेल. 'जड', 'ताठर', 'भरल्यासारखा' ही विशेषणे समानार्थी नव्हेत, आणि प्रश्नावलीचे भाषांतर करताना ती तशी मानली तर मोजमापच बदलते. मराठी स्त्री कदाचित यांपैकी एकही शब्द न योजता 'बांगडी चढत नाही' किंवा 'पोलक्याची बाही रुतते' असे सांगेल. हे विधान अलंकारिक नाही. बांगडी हा ठरावीक घेर आहे व तो रोज त्याच मनगटावर तपासला जातो. किती वाढ झाली ते तिला सांगता येत नाही, झाली एवढे मात्र कळते. दुसऱ्या हाताची बांगडी तुलनेस असतेच, जरी कामाचा हात मुळातच किंचित् जाड असला तरी.

घरी मोजताना वेळ, ऊन, श्रम व हाताची ठेवण यांनी आकडे हलतात. म्हणून दिवसाची एकच वेळ, त्वचेवरील ठरलेल्या खुणा आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे माप ही तीन पथ्ये आवश्यक आहेत. उपकरण मध्येच बदलणे तर सर्वस्वी टाळावे. फीत घेर मोजते, संरोधयंत्र संपूर्ण हातातील द्रव, तर त्वचेवर टेकवावयाचे यंत्र त्या ठिकाणचे पाणी. रुग्णालयातील फितीचा आकडा आणि घरच्या यंत्राचा आकडा एकाच रकान्यात लिहिलेला असेल, तर त्यावरून वैद्याला हात वाढला की उतरला हे ठरविता येत नाही.