गळ्यात भूत नसतं, रियाज असतो

भजनात एखादीचा आवाज टिपेला गेला, की मागं कुजबूज होते, "हिच्या अंगात काहीतरी शिरलं!" असं बोलणं जगभर चालत आलं आहे. इटलीचा पागानिनी व्हायोलिन इतकं अचाट वाजवी, की लोक म्हणत, यानं सैतानाला आत्मा विकला. १८४० मध्ये तो वारला, तेव्हा चर्चच्या जमिनीत त्याला जागा नाकारली गेली. खरं तर त्याची बोटं लांब, लवचिक होती आणि लहानपणापासून सराव दांडगा होता.

आपल्याकडे गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर. १९२१ पासून त्या अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं शिकल्या. १९७७ मध्ये त्यांचं गाणं व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलं. ही करणी नव्हे, मेहनत!

वेडाशिवाय कला येत नाही, असंही म्हणतात. पण मनाचा आजार हा आजारच. कुणी रात्ररात्र जागते, एकटीच बडबडते, तर तिला मांत्रिकाकडे नेऊ नका. सरकारी दवाखान्यात दाखवा, किंवा १४४१६ वर मोफत फोन करा.

आणि जी गाते, तिला नावं ठेवू नका. रोज अर्धा तास रियाजाला मोकळीक द्या.