घोरणं एक, डॉक्टर चार : स्लीप ॲप्नियाचे उपचार घराजवळच्या एकाच ठिकाणी कसे आणायचे?

समजा, शिरवण्यात राहणारे एक काका आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी हायवेपलीकडच्या एमआयडीसीत. रात्री इतके घोरतात की घरातले शेजारच्या खोलीत झोपतात. जेवणानंतर खुर्चीत बसल्याबसल्या डोळा लागतो. एकदा बाईकवर सिग्नलला डुलकी लागली आणि मग घरच्यांनी डॉक्टर गाठला.

पुढे काय झालं? गावातल्या फॅमिली डॉक्टरांनी वाशीच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी झोपेच्या तपासणीसाठी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. मशीन घेतलं तिसऱ्याच एका विक्रेत्याकडून, आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत चौथ्याच डॉक्टरांच्या. वर्षभराने मास्कमधून हवा गळायला लागली, तेव्हा यातल्या कुणाला फोन करायचा हेच कळेना. मशीन गेलं कपाटात.

हे काका काल्पनिक आहेत, पण अशी घरं तुमच्या ओळखीत नक्की असतील. म्हणूनच आजचा प्रश्न : हे सगळं घराजवळच्या एकाच डॉक्टरकडे आणता येतं का, आणि आणावं का?

आधी, स्लीप ॲप्निया म्हणजे काय?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाटच बंद होते. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, श्वास पुन्हा सुरू होतो. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही.

श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो एक 'ॲप्निया' धरतात. श्वास थांबणं किंवा फार मंदावणं तासाला ५ ते १५ वेळा झालं तर आजार सौम्य, १५ ते ३० वेळा झालं तर मध्यम आणि त्याहून जास्त असेल तर तीव्र. उपचार न केल्यास बीपी आटोक्यात येत नाही, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि गाडी चालवताना झोप लागण्याचा धोका तर उघडच आहे.

हा आजार दुर्मीळ नाही. माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलमधील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांत, झोपेत श्वास अडखळण्याचं प्रमाण १९.५ टक्के निघालं. त्यासोबत दिवसा झोप येण्यासारखा त्रासही असलेले ७.५ टक्के होते. सर्वसामान्यांच्या कानावर हे नाव पडलं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये, संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं तेव्हा. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून याच आजाराचं नाव घेतलं होतं.

मशीन मिळालं की काम संपत नाही का?

नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते.

सीपॅप नावाचं मशीन मास्कमधून सतत थोड्या दाबाची हवा देतं आणि घसा उघडा ठेवतं. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय जगापुढे मांडला. तो आजार बरा करत नाही, तर दर रात्री रोखून धरतो. चष्म्यासारखंच आहे : घातला तर दिसतं. मशीन बंद केलं की काही दिवसांतच त्रास परत येतो.

म्हणजे हा बीपी-डायबेटीससारखा कायमचा पाठपुरावा लागणारा आजार आहे. वजन वाढलं-घटलं की हवेचा दाब बदलावा लागू शकतो. सर्दीने नाक बंद झालं की मशीन नकोसं होतं. मास्कची गादी झिजते, फिल्टर बदलावा लागतो. यातली बरीचशी कामं पंधरा मिनिटांची असतात. पण त्यासाठी रजा टाकून, हार्बर लाइनने मुंबई गाठायची असेल, तर माणूस 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो. मग मशीन कपाटात जातं.

पण जवळच्या डॉक्टरला हे जमेल का?

हा प्रश्न ऑस्ट्रेलियात तपासून पाहिला गेला. २०१३ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत १५५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचे उपचार प्रशिक्षण दिलेल्या फॅमिली डॉक्टर आणि नर्सकडे, दुसऱ्याचे झोपविकारांच्या तज्ज्ञ केंद्राकडे. सहा महिन्यांनी दिवसा येणारी झोप दोन्ही गटांत जवळपास सारखीच कमी झाली होती आणि फॅमिली डॉक्टरांकडे खर्च कमी आला होता.

मात्र दुसरी बाजूही बघा. चाचणी मध्येच सोडणारे फॅमिली डॉक्टरांच्या गटात १७ होते, तज्ज्ञांच्या गटात ६. शिवाय त्या डॉक्टरांना या आजाराचं प्रशिक्षण दिलेलं होतं. म्हणजे डॉक्टर जवळचा असून भागत नाही, त्याला या कामाची माहिती आणि पाठपुराव्याची सवय हवी.

काही रुग्णांनी मोठं केंद्र सोडूच नये. हृदय कमजोर असलेले, फुप्फुसांचा किंवा स्नायूंचा आजार असलेले, मेंदूकडूनच श्वासाचा संदेश न येणारा ॲप्निया असलेले, आणि साध्या सीपॅपऐवजी बायपॅप वापरणारे. त्यांनी रोजची देखरेख जवळ ठेवावी, पण वर्षातून एकदा तज्ज्ञांना भेटावं.

शिरवण्यातून सुरुवात कुठे करायची?

आपल्याकडे तुमचे उपचार कुणी आपोआप दुसरीकडे वर्ग करून देत नाही. ते आपणच करायचं असतं. शिरवण्यात महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र आहे, नेरुळमध्ये महापालिकेचं माँसाहेब मीनाताई ठाकरे रुग्णालय आणि डी. वाय. पाटील हॉस्पिटल आहे. कारखान्यात काम करणाऱ्यांचा पगार महिना २१ हजार रुपयांपर्यंत असेल, तर ते सहसा ईएसआय योजनेत असतात. ईएसआयचं रुग्णालय वाशीत आहे. कुठेही गेलात तरी तीन प्रश्न आधी विचारा :

• इथे छातीरोग किंवा कान-नाक-घसा विभागात स्लीप ॲप्नियाचे रुग्ण नियमित बघतात का?
• माझ्या मशीनमधली नोंद तुम्ही वाचू शकता का?
• मशीन मी कुठूनही घेतलेलं चालेल का?

तिसरा प्रश्न महत्त्वाचा. एकच डॉक्टर असावा, पण एकाच दुकानाला बांधून घेऊ नये. मशीन बदला असा सल्ला मिळाला, तर कारण लेखी मागा.

फाइलमध्ये काय हवं?

• झोपेच्या तपासणीचा पूर्ण अहवाल. नुसतं शेवटचं पान पुरत नाही.
• मशीनचा प्रकार आणि ठरवून दिलेला दाब.
• मास्कचा प्रकार आणि साइज.
• मशीनचं बिल, वॉरंटी आणि सिरियल नंबर.
• मशीनमधली गेल्या तीन महिन्यांची नोंद : किती तास वापरलं, हवा किती गळली, श्वास अजून किती वेळा अडखळतो.
• चालू औषधांची यादी, वजन, आणि तुम्ही गाडी चालवता का किंवा रात्रपाळी करता का ही माहिती.

हॉस्पिटलात दाखल होऊन उपचार घेतले असतील, तर मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं देणं २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. १४ अंकी आभा क्रमांक काढला असेल तर अहवाल त्याला जोडून ठेवता येतात. तरीही कागदी झेरॉक्स ठेवाच.

आणखी एक बारीक गोष्ट. मशीन इंटरनेटने जोडलेलं असेल, तर त्याची नोंद जुन्या केंद्राच्या खात्यात जात राहते. सिरियल नंबर देऊन ती नव्या डॉक्टरांकडे वळवून घ्या. नाहीतर नोंद एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.

मशीन कुणाच्या यादीत आहे, याला एवढं महत्त्व का?

जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने जगभरातली आपली लाखो श्वसनयंत्रं परत मागवली. आवाज कमी करण्यासाठी आत घातलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची भीती होती. अशा वेळी ज्यांचं मशीन डॉक्टरांच्या किंवा विक्रेत्याच्या यादीत असतं, त्यांना कळवता येतं. ज्यांनी हाताहाती घेतलेलं असतं, त्यांना कोण सांगणार?

बदल करताना दोन चुका टाळा

पहिली, नवा डॉक्टर मिळेपर्यंत मशीन बंद ठेवणं. भाड्याचं मशीन असेल तर दुसरं हातात आल्याशिवाय परत देऊ नका. दुसरी, व्हिडिओ बघून दाब स्वतःच बदलणं.

आणि कोणतंही ऑपरेशन ठरलं, अगदी हर्नियाचं असलं तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना 'मला स्लीप ॲप्निया आहे' हे आधी सांगा आणि मशीन सोबत न्या. भूल आणि वेदनाशामक औषधांनी घसा आणखी सैल पडतो.

घरात कुणाचं मशीन कपाटात असेल, तर आज ते बाहेर काढा, पुसा, सिरियल नंबरचा फोटो घ्या. त्या फोटोसकट या आठवड्यात जवळच्या डॉक्टरांना भेटा.