सिद्धेश्वरचा तळ उपग्रहाला दिसत नाही

औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणात पाणी किती, हे दर पावसाळ्यात आपल्याला टक्क्यांत कळतं. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी, तिथलं पाणी वीजगृहातून खाली सिद्धेश्वरात आणि पुढे कालव्यांनी हिंगोली, परभणी, नांदेडच्या शेतांत, अशी पूर्णा प्रकल्पाची रचना आहे. सिद्धेश्वरचा मूळ एकूण साठा सुमारे 251 दशलक्ष घनमीटर. त्यातला उपयुक्त साठा जेमतेम 81. उरलेला मृतसाठा, तो कालव्यात येत नाही. टक्केवारी निघते ती या 81 वर. पण 1960च्या दशकात बांधलेल्या धरणात इतक्या वर्षांचा गाळ बसल्यावर ते 81 अजून 81 राहिले आहेत का? मराठवाड्यातल्या विद्यापीठाने भूमाहितीशास्त्र, म्हणजे उपग्रहचित्रं आणि संगणकीय नकाशांचं शास्त्र, पदव्युत्तर पातळीवर का शिकवावं, त्यात संशोधन का करावं, याचं उत्तर मला या प्रश्नात दिसतं.

वरवर पाहता हा गाळ मोजण्याचं काम सोपं आहे. वेगवेगळ्या तारखांची उपग्रहचित्रं घ्यायची, प्रत्येक चित्रातलं पाण्याखालचं क्षेत्र मोजायचं, त्या दिवशीची धरणातली पातळी त्याला जोडायची आणि दोन पातळ्यांमधल्या थराचं घनफळ काढायचं. ते जुन्या घनफळापेक्षा जेवढं कमी भरेल, तेवढा गाळ. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात आणि क्यूजीआयएस ही नकाशांची आज्ञावलीही फुकट. त्या चित्रातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. अडचण काठावर सुरू होते, कारण तिथल्या गुंठ्यात अर्धं पाणी असतं आणि अर्धा चिखल. समजा काठ 60 किलोमीटरचा आहे आणि रेघ सगळीकडे अर्धा ठिपका एकाच बाजूला सरकली. क्षेत्रात 30 हेक्टरांची चूक झाली. मीटरभर जाडीच्या थराला ती 3 लाख घनमीटर. शेतात साडेसात सेंटिमीटर पाणी उभं राहील अशी एक पाळी धरली, तर ही 400 हेक्टरांची पाळी झाली. चुका दोन्ही बाजूंना विखुरल्या तर बऱ्याच अंशी फिटतात, पण इथे त्या झुकतात. नुकताच उघडा पडलेला ओला गाळ पाण्यासारखा दिसतो आणि गाळ कमी भरतो. पाण्यावरची जलपर्णी जमिनीसारखी दिसते आणि गाळ जास्त भरतो. आणि पाणी ज्या पातळीखाली उतरतच नाही, तिथला तळ उपग्रहाला कधीच दिसत नाही. सिद्धेश्वरसारख्या, दोन तृतीयांश साठा मृत असलेल्या धरणात तर गाळाचा मोठा हिस्सा तिथेच असू शकतो. त्यासाठी नावेतून ध्वनिलहरींनी खोली मोजावी लागते. आज्ञावली उत्तर देते. ते कुठवर खरं आहे हे सांगणं शास्त्राचं काम. भूगोलतज्ज्ञ मायकेल गुडचाइल्ड यांनी 1992 मध्ये या विषयाला स्वतंत्र विज्ञान म्हणून मांडलं, ते अशाच प्रश्नांच्या बळावर.

यावर कोणी म्हणेल, नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, मेरी, धरणांच्या गाळाची अशी मोजणी करतेच. करते, आणि ते मोलाचं काम आहे. पण तिच्यापुढे राज्यभरातली धरणं असतात. पीएचडीचा विद्यार्थी मात्र एकाच लाभक्षेत्रात तीन-चार वर्षं खरीप आणि रब्बी पाहू शकतो. शिवाय प्रश्न धरणाच्या भिंतीशी संपत नाही. वसमतकडच्या शिवारात हळद, ऊस आणि केळी शेजारी-शेजारी असतात. ऑक्टोबरच्या एका चित्रात ही तिन्ही नुसती हिरवी. हळद मात्र जानेवारीनंतर पिवळी पडून वाळते, तेव्हा ऊस हिरवाच असतो; म्हणून वर्षभराची चित्रं एकामागे एक लावून पाहावी लागतात. आता यंत्रच पिकं ओळखतं, मग माणूस कशाला, हा आक्षेपही इथेच थांबतो. कोणत्या गटात कोणतं पीक उभं आहे, हे आधी बांधावर जाऊन नोंदवल्याशिवाय यंत्र शिकणार कशावर?

नोकरीचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कंपन्यांना नकाशे गिरवणारे हात हवेत. सामान्य घरातल्या मुलाने सिद्धान्तात दोन वर्षं का घालवावीत? कमाईची निकड खरी आहे आणि आज्ञावली सराईतपणे हाताळता आलीच पाहिजे. पण नुसत्या गिरवण्याचं काम यंत्राकडे सर्वांत आधी जाणार. जुन्या नकाशाचा 1830चा एव्हरेस्ट गोलाभ आणि जीपीएसचा डब्ल्यूजीएस-84 या पृथ्वीच्या आकाराच्या दोन वेगळ्या गणिती रूपांची गल्लत झाली की कालवा जागा सोडून सरकतो. ही चूक ओळखणारा माणूसच पुढे टिकेल.

मुंबईच्या आयआयटीत आणि पुण्यात हा विषय रुजलेला आहे. हिंगोली मात्र 1994 साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येते, आणि तिथे भूशास्त्र संकुल आहे. सिद्धेश्वर त्याची प्रयोगशाळा व्हावी. जलसंपदा विभागाने रोजच्या पातळीच्या जुन्या नोंदी संशोधकांना खुल्या कराव्यात. सिंचन व्यवस्थापनाच्या 2005च्या राज्य कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना पाणी मोजून द्यायचं ठरलं आहे. तेव्हा विद्यापीठानेही प्रत्येक प्रबंधाचा नकाशा, त्यात किती चूक असू शकते या अंदाजासह, मराठीत या संस्थांच्या हाती द्यावा.