दोघांचा पट आणि अदृश्य पंच : ब्राउझरवरील द्विखेळाडू बुद्धिबळाची घडण

प्रास्ताविक

बुद्धिबळ आणि संगणक यांचा एकत्र उल्लेख झाला की माणूस विरुद्ध यंत्र ही झुंज प्रथम डोळ्यांसमोर येते. 1997 साली 'डीप ब्लू' या संगणकाने तत्कालीन जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला सामन्यात नमविले, तेव्हापासून ही समजूत अधिकच दृढ झाली. परंतु संगणकाचा याहून साधा आणि अभ्यासकाला तितकाच उद्बोधक असा आणखी एक उपयोग आहे. ब्राउझरमध्ये एक पान उघडावे, त्यावर चौसष्ट घरे आणि बत्तीस सोंगट्या असाव्यात, पानाचा दुवा दुसऱ्या गड्याकडे धाडावा आणि दोघांनी खेळावे. येथे यंत्र प्रतिस्पर्धी नसते, गुरू नसते, खेळीही सुचवीत नाही. ते केवळ पट मांडते.

मुंबईकराला ही मांडणी अपरिचित नाही. गिरगाव-दादरच्या आणि परळ-लालबागच्या चाळींत खोली लहान, म्हणून पट गॅलरीत येई. दोघे खेळत आणि चार जण कठड्याला टेकून बघत. प्याद्याने पहिल्यांदा दोन घरे जायचे की एकच, हे डाव मांडतानाच ठरे. तंटा उद्भवलाच तर शेजारच्या एखाद्या जुन्या खेळाडूचा शब्द अखेरचा. ब्राउझरवरील पटात हा शेजारी दिसत नाही. पण तो नाहीसा झालेला नसतो. आज्ञावली लिहिणाऱ्याने त्याचे सारे निवाडे आगाऊच देऊन ठेवलेले असतात. ते कोणते, आणि पानाच्या साधेपणात ते कसे दडून राहतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पटाची स्मृती

संगणकाच्या दृष्टीने पट म्हणजे चौसष्ट खणांची यादी. प्रत्येक खणात एखादी सोंगटी किंवा काहीच नाही. खेळाडूने सोंगटी उचलली की आज्ञावली प्रथम त्या सोंगटीची चाल तपासते : हत्ती सरळ, उंट तिरपा, घोडा अडीच घरे. दुसरी तपासणी अधिक सूक्ष्म असते. ती खेळी पटाच्या नकलेवर करून पाहायची आणि स्वतःचाच राजा शहात सापडतो का ते बघायचे. सापडत असेल तर खेळी नामंजूर. नवशिक्याला गॅलरीत जे ओरडून सांगावे लागे, ते येथे सोंगटी मुकाट्याने आपल्या घरी परतल्याने कळते.

एवढ्याने मात्र काम भागत नाही. पटाचे छायाचित्र म्हणजे डाव नव्हे, ही गोष्ट असा खेळ लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बहुधा उशिरा ध्यानात येते. राजा आणि हत्ती आपापल्या मूळ घरी उभे दिसतात. पण राजा मध्यंतरी एकदा हलून परत आला असेल तर किल्लेकोट करता येत नाही. प्रतिपक्षाचे प्यादे दोन घरे पुढे येऊन शेजारी थांबले, तर ते एकच घर आले आहे असे मानून मारण्याचा हक्क फक्त लगेचच्या खेळीपुरता असतो. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर खेळाडूला बरोबरीचा दावा करता येतो आणि त्यासाठी डावाचा सारा इतिहास जवळ हवा. 'फिडे' या जागतिक महासंघाने 2014 पासून पाच वेळा आलेल्या स्थितीला, तसेच दोन्ही बाजूंच्या 75 खेळ्यांत प्यादे हलले नाही आणि काही मारले गेले नाही तर त्यालाही, दाव्याची वाट न पाहता बरोबरी ठरविले आहे. हा नियम जणू यंत्रासाठीच केलेला वाटावा. गॅलरीतला कोणता प्रेक्षक 75 खेळ्या मोजत बसणार!

नियम कोणाचे?

आज ब्राउझरवरील जवळजवळ प्रत्येक पट आंतरराष्ट्रीय नियम गृहीत धरतो. आपल्याकडे दीर्घकाळ खेळला गेलेला देशी डाव याहून निराळा होता. प्रांतपरत्वे भेद असले तरी त्याच्या काही खुणा सर्वत्र आढळतात : प्यादे एकेक घरच चाले, राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याची उडी घेता येई, आणि शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याला त्या स्तंभातील मूळ सोंगटीचे रूप मिळे. पंजाबचा मीर सुलतान खान अशाच देशी डावात वाढला. पुढे पाश्चात्त्य नियम आत्मसात करून त्याने 1929, 1932 आणि 1933 साली ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले.

नियमांतील हा फरक आज्ञावलीत थेट आकड्यांनी दिसतो. आंतरराष्ट्रीय नियमांनी पांढऱ्याला पहिल्या खेळीचे 20 पर्याय असतात : प्याद्यांचे 16 आणि घोड्यांचे 4. प्याद्याचे दुहेरी पाऊल वगळले की 8 पर्याय गळून 12 उरतात. राजाला उडीची मुभा दिली की त्यांत 2 वाढतात. म्हणजे दोन-तीन ओळी बदलल्या की पट तोच राहतो आणि खेळ निराळा होतो. हा बदल तांत्रिकदृष्ट्या सोपा असूनही क्वचितच केला जातो. साधेपणाच्या नावाखाली एकाच परंपरेचा पट सर्वांसमोर मांडला जातो, असे म्हणणे वावगे ठरू नये.

चिन्हांचेही तसेच आहे. युनिकोड या अक्षरसंचात बुद्धिबळाच्या सोंगट्यांची 12 चिन्हे आहेत, त्यामुळे चित्रे न जोडताही पट मांडता येतो. मात्र त्यांत आपल्या उंटाच्या जागी ख्रिस्ती बिशपचा मुकुट आणि हत्तीच्या जागी बुरूज आहे. बंगालीत त्याच कोपऱ्यातल्या सोंगटीला नौका म्हणतात. मराठी मूल हत्ती म्हणते, बुरूज हलविते आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. नावे आणि चित्रे यांची फारकत लहान मुले सहज पचवितात.

साधेपणाची खरी कसोटी प्याद्याच्या बढतीत लागते. देशी डावात स्तंभानेच रूप ठरत असल्याने तेथे विचारण्याची गरज नाही. आंतरराष्ट्रीय डावात मात्र वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी एकाची निवड खेळाडूने करायची असते. ही चौकट टाळण्यासाठी काही पाने परस्पर वजीर बसवून मोकळी होतात. बहुतेक वेळा खेळाडूलाही वजीरच हवा असतो, म्हणून ही उणीव शंभर डावांत लक्षात येत नाही. पण घोडा घेतला तर लगेच शह बसतो आणि वजीर घेतला तर नाही, असा प्रसंग येतो; वजीर घेतल्याने प्रतिपक्षाला शह नसतानाही चालच उरत नाही आणि जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो, असाही येतो. तेव्हा चौकट गाळणारे पान साधे राहत नाही, अपुरे ठरते.

समोर कोण बसले?

दुव्यावरून आलेला गडी कोण, हे पट विचारत नाही. प्रत्यक्ष पटासमोर कोणी बसावे हा प्रश्न एके काळी न्यायालयापर्यंत गेला होता, आणि त्याचे सूत्र गिरगावात आहे. 'नवाकाळ' दैनिकाशी निगडित खाडिलकर कुटुंबातील वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींपैकी वासंती 1974 मध्ये पहिल्या राष्ट्रीय महिला अजिंक्यपद स्पर्धेत विजयी झाल्या. त्या स्पर्धेच्या पहिल्या दशकात अजिंक्यपद या घराबाहेर गेले नाही. 1976 साली तेरा वर्षांच्या रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मोठे वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निर्णय त्यांच्या बाजूने लागला. जागतिक महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष माक्स युवे यांनीही स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा दिला. पुढे 1981 मध्ये रोहिणी आशियाई महिला विजेत्या झाल्या.

निनावी पट हा अडसर मुळातच ठेवत नाही. परंतु ज्या निनावीपणामुळे खेळाडू केवळ खेळीने ओळखला जातो, त्याच निनावीपणात समोरचा स्वतः खेळतो आहे की शेजारच्या पडद्यावरील यंत्राची खेळी उतरवून घेतो आहे, हे कळत नाही. गॅलरीत कोणी कानात कुजबुजले तर निदान दिसत तरी असे.

घड्याळ आणि तुटलेला धागा

एका खेळीचा निरोप म्हणजे कोठून आणि कोठे, एवढीच चार अक्षरे. पोस्टकार्डावरच्या डावात हाच निरोप दिवसांनी पोचे. ब्राउझर पूर्वी दर काही क्षणांनी सर्व्हरकडे 'नवीन खेळी आली का' अशी विचारणा करी. 2011 मध्ये प्रमाणित झालेल्या वेबसॉकेट पद्धतीने दोन्ही बाजूंचा मार्ग सतत खुला राहू लागला. खेळीची अंतिम तपासणी मात्र सर्व्हरवरच व्हावी लागते, कारण खेळाडूच्या संगणकावरील पान खेळाडूच्याच हाती असते आणि त्याला ते बदलता येते. घड्याळही तेथेच हवे. आणि मार्ग तुटला तर?

30 ऑगस्ट 2020 रोजी, साथीच्या काळात, पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडचा अंतिम सामना भारत आणि रशिया यांच्यात झाला. पहिली फेरी 3–3 अशी सुटली. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला, घड्याळ चालू राहिले आणि वेळ संपल्याने दोघांचेही डाव गेले. रशियाला विजयी घोषित करण्यात आले. भारताने दाद मागितली आणि अखेर अध्यक्ष अर्काडी द्वोरकोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले. आज्ञावलीने आपले काम चोख बजावले होते. वेळ संपली, डाव गेला. प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा होता, म्हणून तो माणसापुढे आला.

महाविद्यालयीन स्पर्धेसाठी असे पान वापरायचे झाल्यास हाच मुद्दा सर्वांत आधी ठरवावा लागतो. धागा तुटताच घड्याळ थांबविले, तर अडचणीतला खेळाडू मुद्दाम तार काढून विचाराला वेळ मिळवील. न थांबविले, तर वसतिगृहात वीज गेलेला विद्यार्थी जिंकत असलेला डाव गमावील. यावर ठरावीक मुदतीची सवलत, उदाहरणार्थ एका डावात एकदाच दोन मिनिटे, हा मध्यममार्ग आज्ञावलीत घालता येतो. मात्र ती मुदत डाव मांडण्यापूर्वी पटाशेजारीच दोघांना दिसेल अशी लिहिलेली असावी, पानावर एक ओळ वाढली तरी हरकत नाही.