बाबा झाले रोव्हर!

वीकएण्डला शिराळ्याला घरी निघालात? मग मुलांसाठी महागडा रोबो कशाला! सोप्यातली फरशी म्हणजे चंद्र, परात म्हणजे विवर आणि बाबा म्हणजे प्रज्ञान रोव्हर. मुलांनी कागदावर सगळ्या कमांड आधीच लिहायच्या: दोन फरश्या पुढे, डावीकडे वळ, एक पुढे. बाबांनी त्या निमूट पाळायच्या, स्वतःची अक्कल चालवायची नाही (ऑफिसात सवय आहेच!). ऑगस्ट २०२३ मध्ये खऱ्या प्रज्ञानसमोर ४ मीटरचं विवर आलं, तेव्हा इस्रोनं त्याला आल्या वाटेनं परत फिरवलं. इथे बाबा परातीत गेले, तर ओरडू नका. चूक कुठल्या ओळीत झाली, ते मुलांनाच शोधू द्या. प्रोग्रॅमर यालाच डिबगिंग म्हणतात. आणि मधेच ‘थांब’ म्हणायचं नाही हं! मंगळावरच्या रोव्हरला सिग्नल पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. तोवर बाबा परातीत.